वर्ध्याचे पत्र, राजमहेंद्रीचे पेन आणि नागपूरचा लेथ

१/ १६ जुलै १९३५. वर्ध्याहून महात्मा गांधींनी राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांना एक छोटेसे पत्र लिहिले. कुमारप्पांमार्फत पाठवलेले फाउंटन पेन आपण वापरून पाहिले आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा त्याचा आशय. स्वदेशी पेनाच्या इतिहासात हे पत्र सनदेसारखे मिरवले जाते. पण पत्राच्या आधीची तीन वर्षे मात्र कोणी फारशी मोजत नाही. आज नागपुरात लेथवर पेन कातू पाहणाऱ्या तरुणाच्या कामाचा धडा त्या तीन वर्षांत आहे. #थ्रेड #इतिहास #विदर्भ

२/ वादाचा मुद्दा साधा आहे. लाकडाची कांडी कातून तयार पेनकिटावर बसवली, तर त्या पेनाला ‘हाताने बनवलेले’ म्हणावे का? क्लिप, यंत्रणा, निब सारे कारखान्यातून आलेले. माणसाच्या हातचे ते एवढे लाकूड. शुद्धतावादी म्हणतात, ही निव्वळ जुळणी. विक्रेते म्हणतात, हे अस्सल हस्तकौशल्य. इतिहास या दोघांनाही पूर्ण कौल देत नाही. किट ही कातकामाची शाळा आहे आणि शाळेत प्रवेश घेण्यात कमीपणा नसतो. प्रश्न असतो तो पुढच्या इयत्तेत जाण्याचा.

३/ आधी लेखणीचा प्रवास पाहू. मोडीच्या काळात कारकून स्वतःचा बोरू स्वतः तासत असे. बोरूचे कांडे निवडायचे, चाकूने तिरका छेद द्यायचा, टोकाला बारीक चीर पाडायची. टोक झिजले की पुन्हा तासायचे. अक्षराची जाडी-बारकी त्या छेदावर ठरे. निव्वळ खर्डेघाशी करणाऱ्याला मराठीने ‘बोरूबहाद्दर’ म्हणून हिणवले खरे; पण तो बहाद्दर आपले हत्यार स्वतः घडवत होता. लिहिणारा आणि लेखणी करणारा तेव्हा एकच होता.

४/ ही एकता मोडली ती टाकाने. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या पोलादी निबांचा फार मोठा वाटा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून निघू लागला. निब यंत्राची आणि परदेशी. ती ज्या दांडीत खोवायची, ती मात्र कुठल्याही गावी, कुठल्याही लाकडाची होऊ शकत होती. नीट पाहिले तर टाक हे आद्य पेनकिटच ठरते. कठीण भाग बाहेरून आणायचा आणि हाताला लागणारा भाग जवळच्या जवळ घडवायचा, ही विभागणी दीडशे वर्षांहून जुनी आहे.

५/ मग आले फाउंटन पेन. मराठीने त्याला ‘झरणी’ असा सुरेख शब्द दिला. झरणीची खरी अडचण शाई साठवण्याची नव्हती, सोडण्याची होती. शाई निबेकडे उतरते तेव्हा तिच्या जागी हवा आत जावी लागते. हा देवघेवीचा मेळ चुकला की पेन एकतर कोरडे पडते किंवा गळते. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी यासाठी खाचा पाडलेल्या जिभेचे पेटंट मिळवले. निबेखालची ही जीभ, म्हणजे फीड, पेनाचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बुद्धिमान भाग होय.

६/ म्हणजे पेनाचे तीन कठीण अवयव ठरले: निब, फीड आणि आटे. बाकीचा देह कातकामाचा. तो देह बहुतेक वेळा एबोनाइटचा असे. रबरात भरपूर गंधक मिसळून उष्णता दिली की हा कठीण, काळसर पदार्थ तयार होतो. तो लेथवर छान कातला जातो, शाईने खराब होत नाही आणि बोटांना थंडगार लागत नाही. भारतीय हातपेनांची परंपरा मुख्यतः या एबोनाइटच्या दांड्यांवर उभी राहिली.

७/ आता नागपूर-वर्ध्याचा धागा. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले आणि परदेशी मालाचा त्याग हा राष्ट्रीय कार्यक्रम बनला. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये, नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. चिटणीस होते अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. तेल, गूळ, कागद, कातडे अशा रोजच्या वस्तू गावात कशा होतील, याचा तिथे अभ्यास चाले. रत्नम यांचे पेन पोहोचले ते या दारात.

८/ गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीत रत्नम यांनी पेनाचा कारखाना काढला तो १९३२ च्या सुमारास. त्या घराण्यात सांगितली जाणारी हकीकत अशी: आरंभीच्या पेनांत काही भाग परदेशी होते आणि म्हणून ते गांधीजींच्या कसोटीला उतरले नाहीत. मग एकेक भाग देशी करत, सर्वांगाने भारतीय पेन तयार झाले आणि ते कुमारप्पांमार्फत वर्ध्याला गेले. १९३५ चे पत्र या प्रवासाच्या शेवटी येते.

९/ इथे थोडे थांबले पाहिजे. पत्राची चौकट भिंतीवर लागते, पण १९३२ ते १९३५ या वर्षांची चौकट कोणी करत नाही. परदेशी भाग वापरून केलेले ते आधीचे पेन ‘अपयश’ म्हणून हकीकतीत एका वाक्यात संपते. वास्तविक त्या अपुऱ्या पेनावरच हात बसला. नळी किती जाड ठेवावी, टोपण किती घट्ट फिरावे, शाई कुठून पाझरते, हे त्यानेच शिकवले. वर्ध्याची कसोटी पूर्ण झालेल्या वस्तूला होती. शिकण्याच्या पहिल्या दिवसाला तीच कसोटी लावली असती, तर शेवटचा दिवस आलाच नसता.

१०/ ही एकट्या पेनाची गोष्ट नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली ती विलायती यंत्रांवर. रिंग स्पिंडल हे नवे तंत्र भारतात आरंभी आजमावणाऱ्या गिरण्यांत पुढे तिचीच गणना झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकली विकल्या आणि दुरुस्त केल्या, मग विलायती नांगर समोर ठेवून लोखंडी नांगर घडवला. त्यांचे पहिले नांगर खपायला बराच काळ लागला, असे सांगतात. पुढे १९४१ मध्ये हरिहरला निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करने लेथ बनवले. दुसऱ्याची वस्तू उघडून पाहणाऱ्या घराण्याने अखेर वस्तू घडवणारे यंत्रच घडवले.

११/ आता किटाकडे. सर्वांत प्रचलित ‘स्लिमलाइन’ किटात ७ मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या, पिळून रिफिल बाहेर काढणारी यंत्रणा, मधली कडी, क्लिप, माथ्याचे बोंड आणि पुढचे टोक एवढे सुटे भाग असतात. लाकडाच्या कांडीला आरपार भोक पाडायचे, नळी इपॉक्सीने चिकटवायची, कांडीची टोके काटकोनात सपाट करायची, मग मॅन्ड्रेल नावाच्या सळईवर ती चढवून दोन्ही बाजूंच्या धातूच्या बुशांच्या जाडीपर्यंत कातायची. शेवटी घासून, चकाकी देऊन सारे दाबून बसवायचे.

१२/ हे सोपे वाटते, म्हणून त्याची चेष्टा होते. पण पहिल्या दहा पेनांत नवशिक्याला कळते ते असे: भोक मध्यातून सरकले की एका बाजूची भिंत पातळ होऊन फुटते. टोक काटकोनात नसेल तर कडीजवळ फट राहते. पटाशी बोथट असेल तर ती तंतू कापण्याऐवजी उपटते. चकाकीचा थर जाड झाला तर पेन धातूच्या भागाहून फुगीर दिसते. बुश म्हणजे कित्त्याची रेघ. ती अक्षर काढून देत नाही, हात कुठे थांबवायचा ते सांगते.

१३/ पहिली पायरी इथे संपते आणि बहुसंख्य लोक इथेच थांबतात. शिक्षण सुरू होते ते किटातला पहिला भाग मुद्दाम बाजूला ठेवला जातो तेव्हा. मधली पितळी कडी काढून तिच्या जागी तेंदूच्या काळ्या गाभ्याची स्वतः कातलेली कडी बसवायची म्हटले, की लाकडाच्या काठावर नेमक्या मापाची पायरी कापावी लागते. आता बुश उपयोगाचे नसतात; व्हर्निअर कॅलिपर आणि स्वतःचा डोळा एवढेच सोबतीला. पेनाचा पोटाचा फुगवटा, निमुळतेपणा, बोटांची बैठक हे सारे निर्णय कारागिराच्या अंगावर येतात.

१४/ दुसरा भाग माथ्याचा. धातूचे बोंड टाकून लाकडाचेच बंद टोक करायचे तर आरपार सळई घालता येत नाही, मग कांडी धरायची कशी? लेथवरच्या कामाचे अर्धे शहाणपण ‘धरायचे कसे’ या प्रश्नात आहे. त्यासाठी स्वतःच एखादा खुंटा कातावा लागतो, त्यावर कांडी घट्ट बसवावी लागते. ज्या दिवशी कारागीर पेनाआधी पेन धरण्याचे साधन करतो, त्या दिवशी तो किटाचा ग्राहक राहत नाही.

१५/ तिसरा टप्पा झरणीचा. किटातली निब आणि फीड ठेवायची, पण बोटे जिथे टेकतात तो भाग एबोनाइटचा स्वतः कातायचा. इथे टॅप आणि डाय हाती येतात, कारण आता आटे पाडायचे असतात. टोपणासाठी तीन तोंडांचे आटे वापरतात. त्यामुळे टोपण थोड्याच फेऱ्यांत निघते आणि तरी घट्ट बसते. मग पितळी नळीही गळते. उरतात बाहेरून घेतलेले दोनच अवयव: निब आणि फीड. आणि त्यात लाज नाही. जगातले अनेक नामांकित छोटे पेनकारही आपल्या निबा जर्मन कारखान्यांतून घेतात. कानपूरसारख्या ठिकाणी देशातही निबा होतात.

१६/ या क्रमात नागपूरचे स्वतःचे असे काही आहे का? आहे, आणि ते दोन गोष्टींत आहे: लाकूड आणि हवा. विदर्भाच्या रानांत साग आहेच; शिवाय पिवळसर, बारीक तंतूंचा हळदू, लालसर-तपकिरी बिजा, कठीण खैर आणि काळ्या गाभ्याचा तेंदू आहे. विडीच्या पानांसाठी सर्वांना ठाऊक असलेला हा तेंदू आबनुसाच्या कुळातला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पेनाला लागते ते वीतभर लाकूड. सुताराच्या कामातून उरलेल्या तुकड्यात कित्येक पेने दडलेली असतात. हिरवे झाड तोडण्याची गरज नाही.

१७/ हवा मात्र निर्दय परीक्षक आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि हवा भट्टीसारखी कोरडी होते. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पितळी नळी तशी आकसत नाही. म्हणून ओलसर लाकडावर पावसाळ्यात कातलेले पेन पुढच्या वैशाखात लांबीभर तडकते. किटासोबत येणाऱ्या सूचनापत्रातून ही गोष्ट शिकता येत नाही. लाकडाचे तुकडे किमान एक पूर्ण ऋतुचक्र घरात मुरू द्यावेत, हे ज्ञान स्थानिकच असते.

१८/ एबोनाइटच्या पेनालाही हा उन्हाळा सोडत नाही. जुन्या भारतीय पद्धतीत ड्रॉपरने शाई थेट पेनाच्या पोटात भरतात. शाई भरपूर मावते, पण अर्धे पेन रिकामे झाले की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेवर अचानक थेंब टपकतो. उष्णता सावकाश पोहोचवणारे जाड भिंतीचे एबोनाइट इथे उपयोगी पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात न टपकणारे पेन करायचे, तर भिंतीची जाडी नागपुरातच ठरवावी लागेल.

१९/ आता आक्षेप. पहिला असा की किटाची सवय लागली की माणूस कायमचा जुळणीकार होतो. हा आक्षेप खरा आहे. शंभर पेने करूनही पहिल्याच पायरीवर असलेले लोक असतात. त्यांच्याकडे लाकडे बदलतात, हात बदलत नाही. पण दोष किटाचा नाही, क्रम सोडण्याचा आहे. जुन्या कारागिराच्या हाताखाली शागिर्दाला पुढचे काम कधी द्यायचे ते उस्ताद ठरवी. किटावर एकट्याने शिकणाऱ्याला उस्ताद नसतो. म्हणून नियम स्वतःच घालून घ्यावा लागतो: दर काही पेनांमागे किटातला एक भाग कायमचा वर्ज्य.

२०/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विकणाऱ्यांवर आहे. परदेशी किटावर सागाची कांडी चढवून ‘संपूर्ण हस्तनिर्मित, स्वदेशी’ अशी चिठ्ठी लावणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल. शिवाय ज्याने आटे स्वतः पाडले, फीड स्वतः बसवली, त्याच्या श्रमाचे मोल त्यामुळे बुडते. दोन्ही पेनांना एकच नाव मिळाले तर वर्षानुवर्षे घासून हात तयार करण्याचे कारणच उरत नाही. कौशल्य मरते ते अनेकदा स्वस्त मालामुळे नव्हे, तर सरसकट नावामुळे.

२१/ यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक पेनासोबत चार ओळींची चिठ्ठी असावी: देह कोणत्या लाकडाचा वा एबोनाइटचा आणि कोणी कातला; आटे कोणी पाडले; निब-फीड कुठली; क्लिप कुठली. ‘हस्तनिर्मित’ या एका शब्दाऐवजी हा हिशेब द्यावा. रत्नम यांच्या पेनाला वर्ध्यात विचारलेला प्रश्नही हाच होता: यातले काय इथले आहे? प्रामाणिक उत्तर ‘निम्मे’ असले तरी त्यात अप्रतिष्ठा नाही. अप्रतिष्ठा आहे ती प्रश्न टाळण्यात.

२२/ मराठी भाषेला या कलेची आठवण अजून आहे. लेथवर काम करणारा तो कातारी. त्याने कातलेले ते कातीव. आज ‘कातीव’ हा शब्द चेहऱ्याला, मूर्तीला, एखाद्या लेखकाच्या वाक्याला लावला जातो. ज्याच्या हातून तो आला तो कातारी मात्र बोलण्यातून जवळजवळ गेला. विशेषण उरले, कर्ता हरवला. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारख्या काही ठिकाणी ही परंपरा तग धरून आहे. इतरत्र पलंगाच्या पायांपुरता लेथ उरला.

२३/ म्हणून पेनकिटावर शिकणारा तरुण हा शुद्धतावाद्यांनी हाकलून देण्याचा माणूस नाही. आय.टी.आय.मध्ये ‘टर्नर’ हा दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. तिथली धातूवरची अचूकता आणि छंदिष्टांचे लाकडावरचे प्रेम यांची गाठ नागपुरात पडली, तर कातारी हा शब्द पुन्हा वर्तमानकाळात येऊ शकेल. इतिहासप्रेमींसाठी वर्ध्याचे मगन संग्रहालय फार दूर नाही. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेली ती वास्तू गावच्या उद्योगांसाठीच उभी राहिली.

२४/ इतिहास वाचणाऱ्यांना एक मोह नेहमी पडतो: प्रत्येक गोष्टीचा शुद्ध आरंभ शोधण्याचा. पहिले संपूर्ण स्वदेशी पेन कोणते, पहिला अस्सल कारागीर कोण, असे प्रश्न त्यातूनच येतात. पण वस्तूंचा इतिहास बहुधा मिश्र असतो. बर्मिंगहॅमची निब आणि गावची दांडी, विलायती यंत्र आणि नागपुरी कापड. स्वदेशी ही जन्मखूण नसते, ती कमावलेली अवस्था असते. एकेक परका भाग समजून घेऊन, मग तो स्वतः घडवून तिच्यापर्यंत पोहोचावे लागते.

२५/ तेव्हा नागपुरातल्या एखाद्या खोलीत, छोट्या लेथसमोर पहिले किट उघडणाऱ्याला विचारायचा प्रश्न ‘हे खरे हस्तकाम आहे का?’ हा नाही. वर्षभराने विचारावे: यातला कोणता भाग आता तू विकत घेत नाहीस? उत्तरात एक जरी भाग आला, तरी १९३२ आणि १९३५ यांच्या मधला रस्ता त्याला सापडला आहे. (धागा समाप्त)